पावडरीखालचं कुंकू

बाईनं मेथीची जुडी उचलली, एक देठ नखानं मोडून पाहिलं, जुडी नाकाशी नेली, आणि मग चंपतच्या तोंडाकडे पाहून ती तशीच, अलगद, ढिगावर परत ठेवून दिली. जुडी कोवळी होती. उजाडताना तोडलेली, मुळांना अजून मळ्याची ओल. भाव पटला नाही म्हणावं तर बाईनं भाव विचारलाच नव्हता. "तुमी त्या गाण्यातले नं?" ती म्हणाली. चंपतला आधी बरंच वाटलं. वाशीमच्या पाटणी चौकाच्या कडेला गोणपाट टाकून बसणाऱ्या माणसाला कोण ओळखतं? भाजी ओळखतात, भाजीमागचं तोंड कोणी ओळखत नाही. "हो," तो हसून म्हणाला. "फोटोतले? हार घातलेले?" "हो हो, तोच." बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, देवळासमोरून जाताना करतात तसा. "भारी रडली बाप्पा तुमची बायको. माह्या सासूले तं घास गेला नाई त्या दिवशी." "अवं बाई, मी जिता हाओ," चंपत म्हणाला. "भाजी इकून राह्यलो तुमच्यापुढं." "ते दिसून राह्यलं मले," बाई म्हणाली, "पण मन नाई होत," आणि पलीकडच्या म्हातारीकडून, उन्हानं मान टाकलेली, पिवळी पडलेली जुडी घेऊन ती निघून गेली. चंपत तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग त्यानं आपल्याच मेथीवर पाणी शिंपडलं. शिंपडताना हाताकडे पाहिलं. काळा, भेगाळलेला, नखांत माती असलेला हात. चांगला जिवंत हात. सुतक असलेल्या घरचा पाण्याचा पेला जसा कोणी तोंडाला लावत नाही, तशी त्याची मेथी त्या दिवशी उरली. कदाचित बाजारच मंदा असेल. पण त्याला वाटलं, आपल्यामुळेच उरली.

परत येताना मोटारसायकलच्या मागच्या दांडीला बांधलेलं मेथीचं गाठोडं डुलत होतं, आणि मालेगाव रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीवरून आपल्याकडे कोणीतरी पाहतंय असं त्याला वाटत होतं. दोष द्यायचा तर कोणाला? गाण्याचं शूटिंग त्याच्याच मळ्यात झालं होतं. आदर्श नावाचा पोरगा, गावचाच, वाशीमला लग्नाचे फोटो काढतो, आणि हौस म्हणून वऱ्हाडी गाणी करून मोबाईलवर सोडतो. त्यानं येऊन सांगितलं, काकू, एका बाईचा नवरा मेला आहे, मळा सुकून राह्यला आहे, ती त्याला हाका मारते, एवढंच करायचं. चंपतच्या बायकोनं, जिजाबाईनं, आधी नाही म्हटलं, मग का कोण जाणे, हो म्हटलं. मेलेल्या नवऱ्यासाठी आदर्शच्या मामाचा फोटो आणायचा ठरला होता. पण ऐन वेळी मामीनं तो भिंतीवरून काढू दिला नाही. माणूस चांगला धडधाकट असताना त्याला हार कायले घालता म्हणाली. सगळे खोळंबले. ऊन चढायला लागलं. तेव्हा चंपतच म्हणाला होता, "माहा लावा नं. मले काय होते?" खरं म्हणजे त्याला वाटलं होतं, एकदा फोटो लागला की मग पुढं आपणही कुठंतरी दिसू. बायकोला आठवण येताना दाखवतात, तेव्हा पिकातून चालत येणारा, पाठमोरा का होईना, एखादा माणूस लागतोच. त्यानं धुतलेला सदराही काढून ठेवला होता. बांधावरचा झेंडू त्यानंच तोडला, त्यानंच ओवला, मधे मधे हिरवं पान घालून, पोळ्याला बैलाला घालावा तसा भरगच्च हार केला आणि आपल्या हातानं आपल्या फोटोला घातला. "आता मले काय करा लागते?" त्यानं विचारलं. "काही नाही काका," आदर्श म्हणाला, "तुमी माह्या मागं उभे राहा. फक्त आवाज करू नका."

तसा तो उभा राहिला. कॅमेऱ्याच्या मागं, आदर्शच्या खांद्याला खांदा लावून, धुतल्या सदऱ्यात, श्वास धरून. समोर पंपाच्या खोलीची भिंत, भिंतीवर तो स्वतः, आणि भिंतीच्या अलीकडे पांढऱ्या लुगड्यात जिजाबाई. कुंकू पुसायला तिनं साफ नकार दिला होता. मंगळसूत्र उलटं करून पाठीवर टाकते, म्हणाली, पदराखाली झाकून जाईल. पण कुंकवाला हात लावू नका. मग आदर्शनं तिच्या कपाळावर पावडर थापली. एक थर, मग दुसरा. लाल रंग आधी गुलाबी झाला, मग मातकट, मग दिसेनासा झाला. पावडरीखाली ते होतंच. चंपतला ते ठाऊक होतं, जिजाबाईला ठाऊक होतं, आदर्शला ठाऊक होतं. आता लाखो लोकांनी ते गाणं पाहिलं होतं आणि त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

भरला वाफा सुकला सये, नाई बारे देनारा,
हाका मारू कोनाले मी, नाई ओ देनारा.

गाणं काही वाईट नव्हतं. पोरानं कुठं कुठं जात्यावरच्या ओवीची चाल धरली होती, आणि चाल धरली की शब्द आपोआप गरीब होतात, पायातल्या वहाणा काढून उभे राहतात. चंपतला ते गाणं आवडत होतं, हीच तर पंचाईत. बांधावर बसून, पंप चालू करून, पाणी दांडातून पुढं सरकेपर्यंत तो मोबाईल काढी आणि बघे. मुद्दाम तीच जागा लावी. जिजाबाई भिंतीपाशी येते. फोटोला पाठ करून उभी राहते. समोर बघते, कुठं बघते कळत नाही. तिचे ओठ हलतात. आधी नुसते भरून येतात डोळे, दांडात पाणी यायच्या आधी माती जशी काळी होत जाते तसे, आणि मग एक थेंब, आणि मग काही थांबत नाही. तोंड वाकडं होत नाही, नाक ओढणं नाही. असं रडणं चंपतनं घरात कधी पाहिलंच नव्हतं. त्याला साप चावला होता त्या वर्षी, याच मळ्यात, बारे देताना, वाफ्यात पाणी सोडताना. तो ओरडला होता आणि ती धावत आली होती, त्याला ट्रॅक्टरवर घालून वाशीमला नेलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. तो शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं, तर पंप बंद केला होता का. एवढंच. तो खरोखर मरायला टेकला होता तेव्हा एक टिपूस नाही, आणि या फोटोसाठी, पोळ्याच्या हाराखालच्या या कागदाच्या माणसासाठी, धार. त्याला त्या फोटोचा राग यायचा. फोटोतला माणूस त्याच्यापेक्षा तरुण होता, मिशी काळी होती, आणि तो काहीही न करता तिचं सगळं रडणं घेऊन बसला होता.

मोबाईलवर गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं तो अक्षर अक्षर लावून वाचायचा. कोणी लिहिलं होतं, माझी आई अशीच हाक मारते. कोणी लिहिलं होतं, काकू शून्यात बघतात तिथे काळीज तुटतं. कोणी कोणाच्या नावानं शिव्या दिल्या होत्या, कोणी सरकारला. एकानं विचारलं होतं, ह्या काकू खऱ्याच विधवा आहेत का? खाली आदर्शनं नुसते जोडलेले हात टाकले होते. ते पाहून चंपत त्याच्या दुकानावर गेला. "लिहून टाक नं रे बा, नवरा जिता हाये म्हणून. एवढं तं लिहिता येते तुले." आदर्शनं त्याला चहा सांगितला, खुर्ची दिली. "काका, लोकायले खरं वाटलं म्हणजे आपलं काम झालं. आता खुलासा केला तं त्यायले वाटंन आपल्याले फसवलं. रडून बसले नं ते. रडलेल्या माणसाले कसं सांगाचं, का तू उगाच रडला?" चहा पिताना आदर्श म्हणाला, "तुमी तं फेमस झाले काका." "मेलेला फेमस होऊन काय करते?" चंपत म्हणाला. आदर्श खूप हसला. हे बोलणं पुढच्या गाण्यात घेऊ म्हणाला.

रडलेल्या माणसाला कसं सांगायचं. गाडी चालवताना त्याच्या डोक्यात हे घोळत राहिलं, आणि मग त्याला आई आठवली. शिरपूरच्या यात्रेत तंबूत सिनेमा आला होता, तो लहान होता, आईच्या मांडीवर बसला होता. पडद्यावर नायक मेला तसा तंबूभर बायकांचा हुंदका फुटला, गोठ्यात गाई हंबराव्यात तसा. घरी आल्यावर आईनं चूल पेटवली नाही. बाप भुकेला बसला होता, म्हणाला, अवं तो तं उद्या दुसऱ्या गावच्या तंबूत पुन्हा जिता होईन. आई म्हणाली, होऊ द्या, आज तं मेलाच नं. तिनं गुळाचा खडा पोराच्या हातावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजली. बापाचा तेव्हा झालेला चेहरा चंपतला आता, इतक्या वर्षांनी, आतून कळत होता. तो चेहरा आता आपल्याच तोंडावर बसला आहे असं त्याला वाटलं. जिवंत माणसानं जेवायला मागावं, आणि बाईनं मेलेल्यासाठी चूल बंद ठेवावी.

आणि मग तनुजाची हळद आली. तनुजा थोरल्या भावाची पोरगी. चंपतच्या खांद्यावर बसून तिनं अख्खं गाव पाहिलेलं. सासर कारंज्याचं. हळदीच्या दिवशी जात्याला हळकुंड बांधायचं आणि पाच सवाशिणींनी जात्याचा खुंटा धरून हळद दळायची. घरातली थोरली काकू म्हणून जिजाबाईचा हात पहिला. असं कोणी ठरवायचंही नसतं, श्वासासारखं ते ठरलेलं असतं. सकाळी तिनं हिरवं लुगडं काढलं, ठसठशीत कुंकू लावलं. नेहमीपेक्षा मोठं, चंपतच्या ध्यानात आलं. दोघं भावाच्या अंगणात शिरले. मांडवाखाली जातं धुऊन ठेवलं होतं, हळकुंड बांधून झालं होतं, आणि खुंट्याभोवती पाच बाया बसल्या होत्या. पाच. जिजाबाई मांडवाच्या मेढीपाशी थबकली. थोरली जाऊ मनकर्णाबाई लगबगीनं आली, तिनं जिजाबाईचा हात हातात घेतला, अगदी मायेनं घेतला. "जिजा, तू सैपाकाकडं पाह्य व. तुह्यासारखं वांगं कोनाले जमत नाई." जिजाबाईनं पायरीवर चप्पल काढली आणि आत गेली. चंपत मेढीपाशी उभाच राहिला. जात्याची घरघर सुरू झाली. बाया ओवी म्हणू लागल्या. त्याला वाटलं, कोणीतरी आता उठेल, म्हणेल, अगं जिजाबाईला बोलवा. कोणी उठलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. जातं थांबलं नाही, पण ओवी थांबली. "जिजाले काहून नाई बसवलं?" मनकर्णाबाईनं त्याला डोळ्यांनी खुणावलं, बाजूला चला म्हणून. तो बाजूला गेला नाही. "भाऊजी, तमाशा नका करू. कारंज्याच्या पाहुण्यायनं समद्यायनं ते गानं पाह्यलं. काल फोनवर विहीन बाई इचारत होत्या, त्या रडनाऱ्या बाई तुमच्याच घरच्या का म्हनून. आता त्यायच्यापुढं हिले सवाशीन म्हनून बसवू? पोरीचा संसार हाये. मनात पाल चुकचुकली तं?" "अवं पन मी जिता हाओ!" चंपत ओरडला. "मी! तुमच्यापुढं उभा हाओ. कुंकू बी पुसलं नोतं तिनं. वरून पावडर लावली होती. खाली कुंकू होतं. मी सोता पाह्यलं!" कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी. मग तो हशा जात्याभोवती फिरला. तनुजाच्या मैत्रिणींतल्या एकीनं मोबाईल वर धरला होता. "तुमी जिते हा हे मले माईत नाई का," मनकर्णाबाई हळूच म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते, खरंच भरले होते. "पन ते पावडरीखालचं कोनाले दिसते भाऊजी? दिसलं ते दिसलं." चंपतनं तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं की हिनंही ते गाणं पाहून रडून घेतलं आहे. या अंगणातल्या सगळ्या रडून बसल्या आहेत. आणि रडलेल्या माणसाला काही सांगता येत नाही.

पंगत उठायच्या आत त्या मोबाईलमधलं सगळीकडे पोचलं होतं. मेलेला नवरा हळदीत आला, असं वर लिहिलेलं, खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं. शेजारच्या पंगतीतल्या एकानं चंपतला दाखवलंसुद्धा, प्रेमानंच. "पाहा काका, कसे तावातावानं बोलले तुमी. भारी ॲक्टिंग हाये." चंपतनं पाहिलं. मोबाईलमध्ये एक मिशीवाला माणूस हात हलवत ओरडत होता. आवाज बारीक येत होता. हसण्यासारखाच दिसत होता तो. चंपतलाही हसू आलं असतं, दुसरा कोणी असता तर.

घरी परतताना दोघं बांधावरून चालत आले. ती पुढं, तो मागं. ऊन कलतीला होतं. जिजाबाईच्या हाताला वांग्याचा काळपटपणा लागला होता, तो ती पदरानं पुसत होती आणि तो जात नव्हता. ती काहीतरी बोलेल, जावेला शिव्या देईल, आदर्शच्या नावानं बोटं मोडेल, याची तो वाट पाहत होता. तिनं विचारलं, "वाटान्याले पानी कधी देता?" मग त्याच्या आत इतके दिवस साठलेलं बाहेर आलं, विचारायचं ठरवलं होतं त्यापेक्षा फार वेगळ्या सुरात. "तू रडली कोनासाठी व?" ती थांबली. "कधी?" "गान्यात. मी साप चावून पडलो तं तुह्या डोळ्यात पानी नाई आलं. अन त्या फोटोसाठी धार. कोन होतं तुह्या मनात? मले एकदाचं सांगून टाक." जिजाबाई वळली. उतरतं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं, मोठ्या कुंकवाचा कोपरा घामानं ओघळला होता. तिला राग आला नाही. ती जरा विचारात पडल्यासारखी दिसली, एखादा हिशेब नव्हे, एखादी विसरलेली चाल आठवावी तशी.

"फोटो तं माह्या मागं होता," ती म्हणाली. "मले कुठं दिसत होता तो? मी तं तुमच्याकडंच पाहून राह्यली होती. त्या पोट्ट्याच्या मागं उभे होते नं तुमी, धुतला सदरा घालून. आदर्शनं सांगतलं, हाक मारा काकू, अव्हो म्हना. मी म्हनलं, अव्हो. तुमी उभेच. पुन्हा म्हनलं. तुमी मले टकमक पाहून राह्यले अन तोंड बंद." "अवं, त्यानं आवाज करू नका म्हनलं होतं." "हाव, त्या दिवशी त्यानं म्हनलं होतं," जिजाबाई म्हणाली. ती पुन्हा चालायला लागली, आणि पुढचं बोलणं त्याला तिच्या पाठीकडून ऐकावं लागलं. "मंग मले रडू आलं. आता येते तं येते. घरून हाका मारते, मळ्यातून हाका मारते, जेवाले हाका मारते. येता तुमी, येत नाई असं नाई. पन ओ म्हनून कधी देल्ली तुमी? माहा हात अवघडते तोंडाशी धरून. मेल्या मान्साची काय आठोन करू, जिताच ओ देत नाई." हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा अशा साध्या आवाजात म्हणाली. मग वाकून तिनं बांधावरचा हराळीचा कोंब उपटला, माती झटकली आणि दूर फेकला.

चंपतला हसावं की रडावं कळेना. लाखो लोक रडले होते. कोणी नवऱ्यासाठी, कोणी आईसाठी, कोणी गावासाठी. ती कोणासाठी रडली ते एकानंही ओळखलं नव्हतं. आणि ज्यानं ओळखायचं तो कॅमेऱ्याच्या मागं उभा राहून बायको कशी छान रडते ते पाहत होता. घरी आल्यावर त्यानं मोबाईल काढला, तीच जागा लावली. शून्यात बघतात म्हणे. शून्याच्या जागी धुतलेल्या सदऱ्यातला एक माणूस उभा होता, आणि तो गाण्यात कुठंच दिसत नव्हता. त्याला स्वतःचा इतका संताप आला की त्यानं मोबाईल उशीखाली कोंबला. उशीखालूनही ते गाणं सुरूच राहिलं, बारीक आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाण्याला पाणी लावलं. चंपत विहिरीपाशी पंपाजवळ होता, जिजाबाई मळ्याच्या दुसऱ्या टोकाला वाफ्यात वाकलेली, हातात विळा, तण काढत. पंप धडधडत होता. अलीकडचे वाफे भरून पाणी दांडातून तिच्याकडं निघालं होतं, मधल्या वाळल्या मातीवर जरा थबकून, मग पुढं. तो दांडाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत होता. आणि हाक आली. "अव्हो!" नेहमीचीच. पाणी कुठवर आलं, एवढाच तिचा अर्थ. त्याचे पाय नेहमीसारखे आपोआप तिकडं वळले. मग तो थांबला. तोंड उघडलं. काही निघालं नाही. घशाला तो रस्ताच ठाऊक नव्हता. इतकुसं अक्षर, आणि ते कुठून काढायचं असतं? पुन्हा हाक आली, "अव्हो!", आणि त्यात आता ती जुनी, थकलेली धार होती. त्यानं छाती भरून घेतली. "ओ!" तो म्हणाला, आणि पंपानं ते गिळून टाकलं. मग तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "ओऽऽऽ!"

विहिरीवरचे पारवे उडाले. जिजाबाई ताडकन उभी राहिली. क्षणभर तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग विळा तसाच हातात धरून, पदर खोचायचाही विसरून, भरलेल्या वाफ्यांतून, वाटाण्याची रोपं तुडवत, चिखल उडवत ती धावत सुटली. धापा टाकत त्याच्यापाशी आली, त्याच्या दोन्ही पायांकडं, मग आजूबाजूच्या गवताकडं पाहू लागली. तिचं तोंड वाकडं झालं होतं, नाक वाहत होतं.

"काय झालं?" ती ओरडली. "कुठं चावला? साप कुठं गेला?"